प्रकरण चौदावे : अर्धा नांगर

ओढ्याच्या अलीकडे चार बैल, पलीकडे चार बैल, आणि मधोमध गुडघाभर पाण्यात ल्योबा. सात वर्षं हे असंच चाललं होतं. फरक एवढाच, की आज दोन्ही काठांवर माणसंही उभी होती, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत ह्या आठ बैलांचा एक नांगर झाला नाही, तर एल्डरबर्नची सगळी जमीन तोकीच्या माणसांत वाटली जाणार होती.

तोकी डेन होता, समुद्रापलीकडचा. सात वर्षांपूर्वी त्याच्यासारखे हजारोजण जहाजांतून उतरले, तेव्हा इथल्या नॉर्थंब्रियाच्या राज्यात दोन राजे एकाच गादीसाठी एकमेकांचे गळे धरून बसले होते. डेन लोकांना फारसं काही करावंच लागलं नाही. राजधानीचं एफरविक शहर त्यांनी असं घेतलं, जसं कुणी उघड्या दारातून आत येऊन चुलीजवळची जागा घ्यावी. मग दोन्ही राजांना एकदमच शहाणपण सुचलं. दोघं मिळून शहर परत घ्यायला गेले आणि एकाच दिवशी, एकाच भिंतीखाली मेले. आता लढाया संपल्या होत्या. डेन लोकांनी तलवारी खुंटीला टांगल्या होत्या आणि जमीन वाटून घ्यायला काढली होती. हे खोरं तोकीच्या वाट्याला आलं होतं.

त्याचा हिशोब सरळ होता. ज्याचा आठबैली नांगर चालतो, त्याची जमीन त्याच्याकडे राहील. ज्याच्याकडे अर्धाच नांगर, त्याच्या जमिनीत उरलेला अर्धा तोकी आपल्या माणसांचा घालील, म्हणजे त्यांचे बैल, त्यांच्या बायका आणि त्यांची घरंसुद्धा. आणि मग मूळची माणसं कुठे जायची, हे तोकीनं सांगितलं नव्हतं. ते सगळ्यांना न सांगताच कळलं होतं.

आता आठ बैल तर ह्या घरात होतेच की. म्हणजे घर एक होतं तेव्हा होते.

ज्या वर्षी राजे भांडले, त्या वर्षी ल्योबाचे दोन्ही भाऊ भांडले. थोरला हेरेबाल्ड म्हाताऱ्या राजाच्या बाजूचा, धाकटा टिल्मन नव्या राजाच्या बाजूचा. दोघांपैकी कुणीही दोन्हींपैकी एकाही राजाला डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. जेवताना विषय निघाला आणि जेवण संपायच्या आत वाटणी झाली. घर थोरल्याला, ओढ्यापलीकडची नवी झोपडी धाकट्याला, बैल चार-चार. चार जोड्या होत्या, दोन-दोन घेतल्या असत्या तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण रागात माणसाला सोपं काही सुचत नाही. एकेक बैल आळीपाळीनं निवडायचं ठरलं. हेरेबाल्डनं पहिला उचलला कोल, डाव्या अंगाचा, काळाभोर, सगळ्यांचा म्होरक्या. टिल्मननं लगेच फ्रॉस्टचा कासरा धरला. फ्रॉस्ट म्हणजे कोलचा जोडीदार. आता चालव तुझा कोल एकट्यानं, असं तो तोंडानं बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. त्यांच्या बाबांची सवय होती की चांगला बैल डाव्या अंगाला जुंपायचा. म्हणून हेरेबाल्ड डावे निवडत गेला आणि टिल्मन त्यांचे जोडीदार पळवत गेला. शेवटी अलीकडे चारी डावे, पलीकडे चारी उजवे.

जन्मभर डाव्या अंगाला चाललेला बैल उजवीकडे जुंपून बघा. तो जोडीदाराला ढकलत, रेटत, धाप टाकत भलत्याच दिशेला जातो. सात वर्षं एल्डरबर्नमध्ये नांगराचा एकही तास, एकही चर, सरळ निघाला नव्हता. चार बैलांना ती चिकट माती तशीही झेपत नव्हती. निम्मं रान पडीकच होतं. दोन्ही भावांना आपली चूक पहिल्याच आठवड्यात कळली होती, आणि दोघांनीही ती सात वर्षं जिवापाड सांभाळली होती.

वाटणीत ल्योबा कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि कापणी झाली की तिचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे तिला मोजायची गरज कुणाला वाटली नाही. बादुवीननं चर्चच्या दारात तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. मग तो हेरेबाल्डबरोबर शहराच्या त्या भिंतीकडे गेला. हेरेबाल्ड परत आला, उजव्या हाताची तीन बोटं तिथे ठेवून. बादुवीन आला नाही. मेलेल्यांत सापडला नाही, जिवंतांत दिसला नाही. ल्योबा ओढ्याकाठच्या वासरांच्या खोपीत राहायला लागली, कारण ती एकच जागा दोघांचीही नव्हती.

आणि गेल्या महिन्यात कुडा मीठवाला आला. दरवर्षी यायचा तसाच, सहा खेचरं घेऊन. मीठ मोजून झाल्यावर त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला की टाईन नदीच्या पलीकडे, जिथे अजून आपल्याच माणसांचं राज्य आहे, तिथल्या सरदाराचे घोडे बादुवीन नावाचा एक माणूस बघतो. दक्षिणेला त्याला पाऊल टाकता येत नाही, टाकलं तर त्या सरदाराचा माणूस म्हणून डेन त्याचं डोकं काढून घेतील. त्यानं निरोप दिलाय. कुडा, ती अजून वाट बघत असेल तर ह्या खेपेला परत येताना तिला तुझ्याबरोबर घेऊन ये. ईस्टरनंतर सरदार आणखी वर डोंगरात जाणार, मग निरोपही पोचायचे नाहीत. नाही आली तर मी समजेन.

कुडा आता दक्षिणेकडची फेरी संपवून परतला होता, आणि त्याची खेचरं उद्या पहाटे उत्तरेला निघणार होती.

हे ल्योबानं कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त विनला ठाऊक होतं. विन म्हणजे हेरेबाल्डची पंधरा वर्षांची मुलगी. तिला काही सांगावं लागत नसे, ती ऐकतच असे. त्या दिवसापासून ती आत्याकडे असं बघायची की जणू आत्याला अचानक पंख फुटलेत. पण ल्योबाला पंखबिंख काही फुटले नव्हते. दोन्ही घरं रस्त्यावर टाकून जायचं कसं, हा एकच प्रश्न ती महिनाभर चघळत होती. नांगर चालला पाहिजे. नांगर चालला की भाऊ जमिनीवर राहतील, आणि ती सुटेल. इतकं सोपं होतं.

"त्याला सांग," हेरेबाल्ड अलीकडच्या काठावरून म्हणाला, "आधी त्याचे बैल इकडे येऊ देत."

टिल्मन पलीकडच्या काठावर होता. मधलं अंतर एवढं, की एकाला शिंक आली तर दुसऱ्यानं डोळे मिटावेत.

"त्याला सांग," टिल्मन म्हणाला, "मोठं रान माझ्या काठाला आहे. बैल त्याचे येतील."

ल्योबानं काहीच सांगितलं नाही. पाणी बर्फासारखं होतं. डोंगरावर अजून बर्फ वितळत होतं आणि ते सगळं तिच्या पोटऱ्यांमधून वाहत होतं.

"आत्या," विननं विचारलं, "हे दोघं बहिरे आहेत का?"

तिच्या आईनं, हिल्डनं, तिला कोपरानं ढोसलं. पण हिल्डच्या ओठांचे कोपरे हलले, हे ल्योबाला पाण्यातूनही दिसलं.

थोडं वर, चढावर, तोकी घोड्यावर बसला होता. त्याच्याबरोबर त्याची आठदहा माणसं होती, आणि त्यांच्या मागे एका गाड्यात दोन बायका आणि कोंबड्यांचं खुराडं. म्हणजे ते तयारीनंच आले होते. तोकी डुकराची बरगडी चोखत होता. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, गावात महिनाभर कुणी मांस सोडा, लोणीसुद्धा चाटलं नव्हतं, आणि हा माणूस भर सकाळी सगळ्यांच्या देखत हाड चोखत होता. वास खालपर्यंत येत होता. त्याला काही बोलायची हिंमत कुणात नव्हती, आणि वास घ्यायचं थांबवायचीही नव्हती.

ल्योबानं वर बघितलं. सूर्य ॲशच्या झाडाच्या शेंड्याच्या बराच वर गेला होता. ती अलीकडच्या काठावर चढली, कोलच्या शिंगाला हात घातला आणि त्याला घेऊन पाण्यात उतरली. कुणाला विचारलं नाही. कोल तिच्यामागून निमूट आला, आणि कोल आला म्हणून बाकीचे तीन आले. हेरेबाल्ड तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मग बैल गेल्यावर माणसानं एकट्यानं काठावर उभं राहणं फारच वेडगळ दिसतं, हे लक्षात येऊन तोही उतरला. सात वर्षांनी त्याचे पाय पलीकडच्या मातीला लागले. त्यानं जोडे झटकले, जणू काही फक्त चिखलच लागला होता.

मग भाकरीवरून अडलं.

पहिल्या तासाखाली भाकरी ठेवायची असते, घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या पिठांची, म्हणजे जमीन वर्षभर उपाशी ठेवत नाही. हिल्डनं एक आणली होती. टिल्मनची बायको बेबा हिनंही एक आणली होती. दोघींनी आपापल्या फडक्यातून भाकरी काढल्या आणि एकमेकींच्या भाकरीकडे बघितलं.

"जाऊबाई, तुमच्यात ओट जास्त झालेत वाटतं," बेबा म्हणाली.

"झाले असतील. आमच्याकडे ओट होते," हिल्ड म्हणाली.

पुढे बरंच बोलणं झालं. त्यात कुणाच्या सासूनं कुणाला कोणती चाळणी दिली होती इथपर्यंत गाडी गेली. सासू मरून आठ वर्षं झाली होती. ल्योबा मध्ये पडली नाही. तिनं दोघींच्या हातांतून दोन्ही भाकरी घेतल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि जमिनीत ठेवून वर मातीचं ढेकूळ ठेवलं. कोणती वर होती ते तिनं दोघींनाही बघू दिलं नाही.

"वन्सं, अहो पण..." बेबा म्हणाली.

"उन्हं बघ," ल्योबा म्हणाली.

बैल जुंपायला घेतले. आठांतला एक बैल दोन हिवाळ्यांपूर्वी मेला होता आणि त्याच्या जागी टिल्मनकडे एक तरणा आला होता, ज्याला अजून जू म्हणजे काय हे नीट कळलं नव्हतं. त्यानं पहिल्यांदा टिल्मनच्या पायावर पाय दिला, मग हेरेबाल्डच्या. हा एकच प्राणी त्या दिवशी दोघांशी सारखा वागला. तोकीची माणसं चढावर हसली. त्यांतला एक काहीतरी म्हणाला, त्यावर बाकीचे आणखी हसले. त्यांची भाषा आता निम्मी कळायला लागली होती, आणि हे वाक्य नेमकं कळणाऱ्या निम्म्यातलं होतं. हेरेबाल्डची मान लाल झाली.

टिल्मननं फ्रॉस्टला पुढच्या जुवाकडे आणलं. कोल आधीच तिथे उभा होता, डाव्या अंगाला, आपल्या जागेवर. सात वर्षं हेरेबाल्डनं त्याला कुठेकुठे जुंपलं होतं, पण उभं राहायला सांगितलं की तो आपली बाजू धरायचा, आणि उजवीकडची जागा मोकळी ठेवायचा. विनला ती त्याची खोड वाटायची. आज त्या मोकळ्या जागेत फ्रॉस्ट आला. कोलनं मान वळवली. बराच वेळ हुंगलं. मग फ्रॉस्टच्या मानेवर, जुवानं केस गेले होते तिथे, तो जिभेनं चाटायला लागला.

 टिल्मन उगाचच जुवाची शिवळ तपासत बसला. हिल्डनं नाक ओढलं. ल्योबा कोलकडे बघत राहिली. सात वर्षं म्हणजे बैलाचं निम्मं आयुष्य. त्याला कुणी निरोप दिला नव्हता, कुणी शब्द दिला नव्हता. त्यानं जागा मात्र ठेवली होती. बादुवीनच्या आयुष्यात तिची जागा अजून असेल का? घोड्यांच्या पागेत असते तेवढी, वैरणीच्या भाऱ्यापाशी, एका माणसाला बसता येईल एवढी?

"नांगर कोण धरणार?" टिल्मननं विचारलं. कुणालाच विचारत नसल्यासारखं विचारलं.

हा प्रश्न येणार होताच. बाबांच्या मागे नांगर नेहमी हेरेबाल्ड धरायचा, आणि टिल्मन पराणीची काठी घेऊन पुढे चालायचा, बैलांना हाका मारत. थोरल्याचा हात रुमण्यावर, नांगराच्या मुठीवर, धाकट्याचा आवाज पुढे. हेरेबाल्डनं आपला उजवा हात वर केला नाही, पण सगळ्यांचे डोळे तिकडेच गेले. अंगठा आणि करंगळी. त्या हातानं एवढं जड रुमणं धरता येत नव्हतं. गेली सात वर्षं हिल्ड नांगर धरत होती, आणि ही गोष्ट ओढ्याच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही अशी घरात सक्त ताकीद होती. पलीकडे ती सगळ्यांना माहीत होती.

हेरेबाल्डनं बेबाच्या हातातून पराणी घेतली. एक शब्द न बोलता बैलांच्या पुढे जाऊन उभा राहिला. टिल्मननं रुमणं धरलं.

हेरेबाल्डनं हाळी दिली. घसा बसलेल्या माणसाची हाळी, पण बाबांची होती तीच, चढत जाणारी. आठ बैलांचे खुर मातीत रुतले. फाळ आत शिरला, अडला, तरण्या बैलानं एक झटका दिला, नांगर तिरपा झाला.

"डावीकडे दाब, गाढवा," हेरेबाल्ड मागे वळून ओरडला.

"दाबतोय ना, दादा," टिल्मन ओरडला.

मग दोघंही गप्प झाले. जे झालं ते झालं, पण आता थांबता येत नव्हतं, बैल चालले होते. काळी माती कडेला उलटत गेली, ओली, चमकणारी. एक तास बांधापर्यंत गेला. वळण घेताना दोघं चांगलेच भांडले, सात वर्षांची साठलेली सगळी भांडणं त्या एका वळणात बसवली, आणि दुसरा तास पहिल्याला लागून परत आला. सरळ. विन काठावर उड्या मारत होती. चढावर गाड्यातली एक बाई उठून उभी राहिली होती आणि हात डोळ्यांवर धरून बघत होती. तिलाही घर हवं असणार. त्या क्षणी ल्योबाला तिची दया आली. आणि आपण उद्या जातोय, हे पहिल्यांदा खरं वाटलं.

तोकी घोड्यावरून उतरून खाली आला. तासात उतरून त्यानं पावलं टाकली. खोली बघितली, वाकून माती चुरली. मग त्यानं मान हलवली.

"चांगलं," तो म्हणाला. "पूर्ण नांगर. जमीन तुमची. आता चूल कुणाची?"

दोघा भावांना कळलं नाही. तोकीनं आपल्या तोडक्यामोडक्या भाषेत समजावलं. एका नांगरामागे एक चूल, एका चुलीमागे एक नाव. धान्य कमी आलं तर कुणाला धरायचं, माणसं हवी असली तर कुणाला सांगायचं. दोन नावं मी ऐकणार नाही, तो म्हणाला. तुमच्या देशात दोन नावं होती, त्याचं काय झालं ते मी भिंतीवरून बघितलंय.

 हेरेबाल्डनं टिल्मनकडे बघितलं. टिल्मननं हेरेबाल्डकडे. आणि ल्योबाच्या डोळ्यांदेखत दोघांचे चेहरे सात वर्षं मागे गेले. हिल्डची मान ताठ झाली. बेबानं हळूच टिल्मनच्या बाहीला धरलं. म्हणजे तू नमू नकोस, असं. थोरल्याचाच मान, असं कुणीतरी म्हणालं. नांगर कुणी धरला, असं दुसरं कुणीतरी म्हणालं. तोकी आकाशाकडे बघत होता.

मग टिल्मनला युक्ती सुचली. त्याचा चेहरा उजळला.

"ताईची," तो म्हणाला. "चूल ताईची. ल्योबाची."

हेरेबाल्डनं एवढा मोठा श्वास सोडला की कोलनं कान हलवले. "हो," तो म्हणाला. "ल्योबाची. बरोबर आहे. तिचीच."

सात वर्षांत दोघांचं हे पहिलं एकमत. हिल्ड आणि बेबा दोघीही लगेच हो म्हणाल्या. कशाला नाही म्हणतील? एकीला दुसरीपुढे वाकायला नको. सगळे ल्योबाकडे वळले, आणि ते बघणं फार प्रेमाचं होतं. कधी नव्हे ते ती दोघांचीही होती. वाटणीत न मोजलेली ल्योबा, आज अख्खं घर तिच्या नावावर. फक्त हो म्हणायचं. मग ती इथे बसेल, धान्य मोजेल, तोकीपुढे उत्तर देईल, भाच्यांची लग्नं करील. म्हातारी होईल. सगळे तिच्या पाया पडतील. आणि टाईनच्या पलीकडे एक माणूस ईस्टरच्या दिवशी घोड्यावर खोगीर चढवील आणि समजेल.

"मी उद्या जातेय," ल्योबा म्हणाली.

"कुठे?" हेरेबाल्डनं विचारलं, बाजाराला वगैरे जात असावी अशा आवाजात.

"बादुवीनकडे. तो जिवंत आहे. कुडाबरोबर जातेय."

हेरेबाल्डचा चेहरा असा झाला, की तिला त्याच्याकडे बघवेना. त्यानं बादुवीनला त्या भिंतीपाशी सोडलं होतं. सात वर्षं तो त्याबद्दल एकही शब्द बोलला नव्हता. टिल्मन मात्र बोलायला लागला. सात वर्षांत माणूस बदलतो, त्यानं तिकडे दुसरी केली असेल, मीठवाल्यांच्या गप्पांवर कुणी घर सोडतं का, निदान कापणीपर्यंत थांब, नाव लावून ठेव आणि मग बघू. बेबा म्हणाली की वन्सं, आमचा तरी विचार करा.  हिल्ड फक्त बघत होती.

"आज एकदा हो म्हण," टिल्मन म्हणाला. "एवढं कर गं. मग कधी काही मागणार नाही."

ल्योबाला रडू येत होतं, आणि राग येत होता, आणि दोन्ही एकाच घशातून यायचं बघत होते.

"टिल्मन, मी सात वर्षं त्या पाण्यात उभी आहे," ती म्हणाली. "ह्याचं त्याला सांग, त्याचं ह्याला सांग. तुमच्या दोघांच्या पोरांना मीच हातात घेतलं, दोघांच्याही घरची मढी मीच धुतली. मी हो म्हटलं ना, तर तुम्ही दोघं उद्यापासून पुन्हा मलाच सांगाल. त्याला सांग, मीठ दे. मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही बघा."

तिचा आवाज शेवटी फाटला. तोकी आता आकाशाकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. मग त्यानं आपल्या माणसांना खूण केली, आणि चढावरचा गाडा करकरत हलला.

तेव्हा हेरेबाल्डनं पराणी मातीत रोवली. नांगरलेल्या तासातून, पाय रुतवत, तो मागे चालत आला. टिल्मनच्या समोर थांबला. थोरला भाऊ धाकट्यापेक्षा वीतभर उंच होता. तो गुडघ्यांवर बसला, ओल्या मातीत, सगळ्यांच्या देखत, आणि त्यानं दोन्ही हात जोडून पुढे केले, मालकापुढे करतात तसे. एक अख्खा हात, एक दोन बोटांचा. टिल्मननं ते आपल्या हातांत घ्यायचे होते. तशीच रीत होती, आणि टिल्मनला ती पाठ होती, पण त्याचे हात उठेनात.

"घे लवकर," हेरेबाल्ड म्हणाला. "गुडघे दुखतात माझे."

टिल्मननं हात घेतले. मग तोही खाली बसला. धनी बसत नसतो, ही रीतीच्या बाहेरची गोष्ट होती, पण कुणी काही म्हणालं नाही.

"टिल्मनची चूल," हेरेबाल्ड वर न बघता तोकीला म्हणाला. "नाव टिल्मन."

तोकीनं ते नाव दोनदा उच्चारून बघितलं, जिभेवर बसवलं. मग हात वर केला. गाडा थांबला, आणि हळूहळू उलटा फिरला. मघाची बाई परत खाली बसली. कोंबड्या ओरडत होत्या.

संध्याकाळी हेरेबाल्ड खोपीच्या दारात आला. आत आला नाही. तो म्हणाला की त्या दिवशी बादुवीन आपल्या डाव्या हाताला होता. भिंत पडली, धूळ उडाली, आणि मग आपण पळालो. आपण बादुवीनला हाक मारली नाही. मारायला हवी होती, त्यानं ऐकली असती. एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. ल्योबानं त्याला बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. अंधार पडेपर्यंत तो चौकटीला टेकून उभा होता आणि ती गाठोडं बांधत होती.

पहाटे ती निघाली. हिल्ड आणि बेबा दोघीही आल्या होत्या, वेगवेगळ्या वाटांनी. विन रडली, मग म्हणाली की आत्या, मला पण बोलाव. मग पुन्हा रडली. टिल्मन आला नाही. त्याला निरोप घेता येत नसे, लहानपणापासून. पण खेचरं चढावर पोचली तेव्हा खालून बैलांची हाळी ऐकू आली, आणि तिच्यामागोमाग दोन पुरुषांचं तावातावानं भांडण. अगदी एकमेकांच्या तोंडावर. ल्योबा चालता चालता थांबली. ते ऐकायला ती सात वर्षं जगली होती, आणि आता ते सोडून जायचं होतं. तिला ते रान, तो आवाज, ते बर्फाचं पाणीसुद्धा एकदम हवंहवंसं झालं. छातीत नुसती ओढ, दोन्हीकडून. कुडा पुढे गेला, मग तोही थांबला.

"येतेस ना, बाई?"

ती आली.

 दुपारी तिनं विचारलं, तो दिसतो कसा आता.

कुडानं विचार केला. "केस पांढरे व्हायला लागलेत. एक कान अर्धा आहे. घोड्यांशी बोलतो, माणसांशी फारसं नाही." त्यानं खेचराला चुचकारलं. "तुझ्याबद्दल विचारत होता. ती अजून तेवढीच बोलते का, म्हणाला. मी म्हटलं, मला काय ठाऊक, माझ्याकडून ती नुसतं मीठ घेते."

ल्योबा हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे, तिला गालच दुखल्यासारखे वाटले.

"कुडा, पुढच्या मुक्कामाहून कुणी घोड्यावर जात असलं, तर त्याला सांगा की..." ती म्हणाली आणि थांबली. वाट वर वर जात होती, आणि वारा उत्तरेकडून येत होता, मेंढरांच्या वासाचा.

"काय सांगू?"

"काही नको," ल्योबा म्हणाली. "मीच सांगेन."